वाढलेले हृदय आणि कॅल्शियमची दारे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बूढ़ापारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. ज्या वर्षी शाळा सुरू झाली त्याच वर्षी जन्मलेल्या माणसाचे हृदय आजवर किती वेळा धडधडले असेल, याचा हिशेब पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. मिनिटाला ७२ ठोके धरले तर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी आणि साठ वर्षांत सुमारे २२७ कोटी. या काळात शाळेला दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मिळाल्या. हृदयाला एकही मिळाली नाही. त्या अखंड श्रमामागे जे एक मूलद्रव्य उभे आहे ते म्हणजे कॅल्शियम, आणि ते मूलद्रव्य पेशीत सोडणारी जी सूक्ष्म दारे आहेत त्यांचे वाढलेल्या हृदयात काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय वैद्यकशास्त्राचा असला तरी तो मराठीत मांडण्यासाठी बूढ़ापाऱ्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. ज्यांचे नाव या परिसरातील शाळेला दिलेले आहे ते पंडित माधवराव सप्रे मराठीभाषक घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचेही काम केले. कठीण शास्त्र लोकांच्या भाषेत आणता येते आणि आणलेच पाहिजे, ही निष्ठा त्या कार्यामागे होती. त्याच निष्ठेने हा विषय येथे मांडला जात आहे.

मराठीत ‘मोठ्या मनाचा माणूस’ असे म्हणताना गौरव केला जातो. परंतु इको तपासणीच्या अहवालावर ‘हृदय मोठे झाले आहे’ असा शेरा आला की घरातील वातावरण बदलते. या ठिकाणी एक साधा प्रश्न उपस्थित होतो. आखाड्यातील मल्लाचा दंड जाड झाला की त्याचे बळ वाढते. मग हृदयाचा स्नायू जाड झाला तर तेही अधिक बळकट का होत नाही? आरंभी ते होते, हे खरे. मात्र पुढे एक वेळ अशी येते की आकार वाढलेला असतो आणि काम उणावत जाते. या उलटापालटीचे एक महत्त्वाचे कारण पेशीतील कॅल्शियमच्या व्यवहारात सापडते.

कॅल्शियम म्हटले की दूध, दात आणि हाडे डोळ्यांसमोर येतात आणि ते योग्यच आहे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर मात्र हृदयाचा प्रत्येक ठोका अवलंबून आहे. हे प्रथम ध्यानात आले ते एका विलक्षण योगायोगाने. लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात ठेवून ते किती वेळ धडधडते याचा अभ्यास करीत होते. द्रावण ऊर्ध्वपातित म्हणजे शुद्ध पाण्यात केले आहे अशी त्यांची समजूत होती आणि त्यात हृदय चांगले काम करीत होते. पुढे उघड झाले की ते द्रावण लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. खरोखर शुद्ध पाण्यात द्रावण केले तेव्हा हृदय हळूहळू थांबले. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात जे नव्हते, त्याचा शोध घेता घेता रिंगर कॅल्शियमपर्यंत पोहोचले. ते निष्कर्ष त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. आज रायपूरच्या कोणत्याही रुग्णालयात खाटेशेजारी ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली टांगलेली दिसते, ते नाव याच संशोधकाचे.

आता हृदयाच्या एका पेशीत डोकावावे. ही पेशी साधारण एक दशांश मिलिमीटर लांबीची, काहीशी विटेसारखी असते. तिच्या बाहेरच्या द्रवात कॅल्शियमचे जे प्रमाण असते त्याच्या सुमारे दहा हजारांश प्रमाण विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आत असते. एवढा मोठा फरक राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करीत असते. हा खर्च व्यर्थ नाही. आत शांतता असेल तरच बारीकशी हाक ऐकू येते. त्याचप्रमाणे आत कॅल्शियम अत्यल्प असेल तरच थोडेसे कॅल्शियम आत येणे हा पेशीसाठी स्पष्ट संदेश ठरतो.

प्रत्येक ठोक्याच्या वेळी विद्युतलहर पेशीपटलावरून धावते. तिच्यामुळे पटलातील कॅल्शियमची दारे उघडतात. शास्त्रीय परिभाषेत यांना एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल म्हणतात. दारांतून थोडेसे कॅल्शियम आत येते. परंतु स्नायू आकुंचन पावण्यास ते पुरेसे नसते. त्याचे खरे काम आतील कोठार उघडण्याचे असते. पेशीच्या आत कॅल्शियम साठवणारी एक जाळीदार रचना असते. या कोठाराच्या तोंडाशी रायनोडीन ग्राही नावाची दुसरी दारे असतात. बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम त्यांना जाऊन भिडते, ती दारे उघडतात आणि कोठारातील पुष्कळ कॅल्शियम क्षणात पेशीभर पसरते. पेशीतील प्रमाण सुमारे दहापट होते. हे कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि ठोका पडतो. त्यानंतर पंप कॅल्शियम पुन्हा कोठारात भरतात, काही भाग पेशीबाहेर टाकला जातो आणि पेशी सैल होते. सैल होण्यासाठीही ऊर्जा लागते, हे विशेष लक्षात ठेवावे. हृदयाची विश्रांती म्हणजे आळस नव्हे. ते तितकेच कष्टाचे काम आहे.

ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे जवळीक. पेशीपटल सरळ सपाट नसते. त्याच्या नलिका विहिरींसारख्या पेशीच्या आत खोलवर गेलेल्या असतात. या आडव्या नलिकांना टी-नलिका म्हणतात. नलिकेवरील कॅल्शियमचे दार आणि समोरच्या कोठाराचे दार यांत केवळ १२ ते १५ नॅनोमीटर अंतर असते. माणसाच्या केसाच्या जाडीचे पाच-सहा हजार समान भाग केले तर त्यांतील एक भाग साधारण एवढा भरेल. शाळेचे उदाहरण घ्यावे. शिपाई घंटा वाजवतो. घंटा स्वतः वर्ग शिकवत नाही, पण ती ऐकू आली की प्रत्येक वर्गात तास सुरू होतो. हृदयाच्या पेशीत अशा हजारो घंटा आहेत आणि प्रत्येक घंटेसमोर तिचा वर्ग अगदी हाताच्या अंतरावर आहे. म्हणूनच सारे वर्ग एकाच क्षणी सुरू होतात आणि ठोका एकसंध पडतो.

१९९३ साली बाल्टिमोर येथील मेरिलँड विद्यापीठात हेपिंग चेंग, जोनाथन लेडरर आणि मार्क कॅनेल या संशोधकांनी ही घटना डोळ्यांनी पाहिली. कॅल्शियमशी संयोग होताच चकाकणारा रंग पेशीत भरून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कोठाराच्या एकेका तोंडाशी क्षणभर प्रकाशाचे ठिपके उमटताना दिसले. त्यांना ‘कॅल्शियमच्या ठिणग्या’ असे नाव मिळाले. हृदयाचा एक ठोका म्हणजे प्रत्येक पेशीत एकाच वेळी उडालेल्या अशा हजारो ठिणग्यांची बेरीज होय.

निरोगी पेशीचे हे चित्र मनात ठेवून आता वाढलेल्या पेशीकडे वळता येईल. जन्मानंतर हृदयाच्या स्नायुपेशी फारशा नव्याने निर्माण होत नाहीत. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा आधार घेऊन याचे मोजमाप केले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी पेशी नव्या येतात, असे त्यातून दिसून आले. सारांश, हृदयावर भार वाढला तर कामगारांची संख्या वाढत नाही. आहेत तेच कामगार अंगाने वाढतात. यालाच अतिवृद्धी म्हणतात. रक्तदाब वाढलेला असेल तर डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याला, प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. भिंतीवरील ताण हा आतील दाबावर आणि कप्प्याच्या त्रिज्येवर अवलंबून असतो आणि भिंत जाड असेल तर तो विभागला जातो. म्हणून दाब वाढला की हृदय भिंत जाड करते. या टप्प्यावर ती शहाणपणाची तडजोडच असते.

अशा जाड झालेल्या पेशीत कॅल्शियमच्या दारांचे काय होते? पहिला तर्क असा निघेल की दारे कमी झाली असतील किंवा नीट उघडत नसतील. हा तर्क तपासण्याचे साधन जर्मनीतील एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ साली दिले. काचेच्या अत्यंत बारीक टोकाच्या नळीने पेशीपटलाचा इवलासा तुकडा धरून एकेका दारातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची ही पॅच क्लॅम्प पद्धत. तिच्यासाठी १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मोजताना एक दक्षता आवश्यक असते, आणि छत्तीसगढच्या श्रोत्यांना ती सहज पटेल. दहा एकर धानाच्या शेतात पाच एकरांच्या शेतापेक्षा जास्त पाणी शिरते, एवढ्यावरून कालवा उदार झाला असे कोणी म्हणत नाही. पाणी दर एकरी मोजावे लागते. तसेच वाढलेल्या पेशीत एकूण कॅल्शियम प्रवाह जास्त भरला तरी तो पटलाच्या क्षेत्रफळाने भागल्यावरच खरा हिशेब लागतो. यालाच प्रवाहाची घनता म्हणतात.

१९९७ साली आना मारिया गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांच्या पेशींत मांडला आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यांत डाल जातीचे उंदीर होते. मीठ जास्त खाल्ले की ज्यांचा रक्तदाब चढतो असा हा वाण आहे. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. वाढलेल्या पेशीत कॅल्शियम प्रवाहाची घनता निरोगी पेशीइतकीच होती. कोठाराच्या तोंडाशी असलेली दारेही व्यवस्थित होती. तरीही तेवढ्याच प्रवाहाने कोठारातून सुटणारे कॅल्शियम कमी भरले. ठिणग्या कमी उडाल्या. बाहेरचे दार ठीक, आतले दार ठीक, आणि त्या दोहोंमधील संबंध मात्र बिघडलेला. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की दोष कोणत्याही एका भागात नसून त्या भागांच्या परस्परांतील मांडणीत आहे. शाळेच्या भाषेत सांगायचे तर इमारत वाढली, घंटा तीच आणि तितकीच खणखणीत, विद्यार्थीही जागरूक. पण नव्या बांधकामात काही वर्ग घंटेपासून दूर गेले. तास सुरू झाला हे त्यांना कळेनासे झाले.

पुढील संशोधनात या अंतराची शारीरिक बाजूही दिसून आली. निकामी होत जाणाऱ्या हृदयात टी-नलिकांची रेखीव मांडणी विस्कळीत होते. काही नलिका नाहीशा होतात, काही वाकड्या-तिकड्या वाढतात. समोरचे दार हरवलेली कोठारे मग शेजारच्या ठिणगीची वाट पाहत राहतात आणि उशिरा उघडतात. ज्या ठोक्याची सारी शक्ती एकाच वेळी पडण्यात आहे, तो असा विस्कळीत होतो.

त्याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण सर्वांनी मनावर कोरून ठेवावे असे आहे. अॅड्रेनॅलिनसारखे उत्तेजन दिल्यावर वाढलेल्या पेशीतील हा दोष बव्हंशी झाकला गेला. संदेश मोठ्याने दिला गेल्यामुळे दूरच्या वर्गांपर्यंतही तो पोहोचला. परंतु ज्या उंदरांचे हृदय निकामी अवस्थेत गेले होते त्यांच्या पेशींत हे उत्तेजनही पुरे पडले नाही. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. दोष अतिवृद्धीच्या काळातच शिरलेला असतो, पण शरीर जोर लावून तो झाकत राहते. माणूस चालतो, जिने चढतो, बाजारहाट करतो. त्याला काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा झाकण्याची शक्तीच संपत आलेली असते. ‘मला तर काहीच होत नाही’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य म्हणूनच निरोगीपणाचा पुरावा मानता येत नाही.

वाढलेल्या पेशीतील कॅल्शियमची कथा येथे संपत नाही. १९९८ साली जर्मन संशोधकांनी निकामी झालेल्या मानवी हृदयाच्या पेशींतील एकेक दार मोजले, तेव्हा ते निरोगी पेशीतील दारापेक्षा अधिक वेळ उघडे राहत असल्याचे आढळले. म्हणजे वरून एकूण प्रवाह बदललेला दिसत नसला तरी आतील प्रत्येक दाराची वागणूक बदललेली असू शकते. मांजरांच्या वाढलेल्या हृदयपेशींत टी-प्रकारची कॅल्शियम दारे पुन्हा दिसू लागल्याचे १९९३ मध्ये नोंदले गेले. प्रौढ निलयपेशीत सहसा न आढळणारी ही दारे गर्भावस्थेतील हृदयात असतात. संकटात सापडलेली पेशी जणू बालपणीच्या सवयींकडे परतते. विद्युतलहर लांबते, त्यामुळे ठोक्याची लय बिघडण्याचा धोका वाढतो. कोठारात कॅल्शियम परत भरणारे पंप मंदावतात. कोठार अपुरे भरते आणि पेशी पूर्ण सैल होत नाही. जिना चढताना लागणारी धाप पुष्कळदा या अपुऱ्या सैलपणातून येते. भिंत ताठर राहिली की हृदयात रक्त भरायला अडचण होते आणि फुप्फुसांकडे दाब वाढतो.

कॅल्शियम केवळ आकुंचनाचा निरोप नेत नाही, वाढीचाही नेतो. १९९८ साली अमेरिकेत जेफ्री मोल्केंटिन, एरिक ओल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पेशीत कॅल्शियमचा संकेत रेंगाळत राहिला तर कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते, त्याच्यामार्फत एक प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते आणि वाढीला कारण होणारी जनुके चालू होतात. म्हणजे भार वाढला की कॅल्शियमचा संकेत बदलतो, त्यामुळे पेशी वाढते, आणि पेशी वाढली की कॅल्शियमची मांडणी आणखी बिघडते. हे चक्र जितक्या लवकर थांबवले जाईल तितके बरे.

आता हे सारे प्रयोगशाळेतून या शहरात आणले पाहिजे. हृदय वाढवणाऱ्या कारणांत सर्वांत मोठे आणि सर्वांत मूक कारण उच्च रक्तदाब हेच आहे. या रोगाच्या उपचारांत महाराष्ट्राचा एक मानाचा वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळ्यांचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या जंगलांत वाढणाऱ्या आणि वैद्यांच्या परंपरेत शतकानुशतके वापरात असलेल्या या वनस्पतीकडे त्यामुळे जगाचे लक्ष वळले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज त्याहून सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत, पण रक्तदाब उतरवता येतो हा विश्वास ज्यांनी दिला त्यांत हे नाव अग्रस्थानी आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत मीठ हा घरचाच भेदी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचाभरही नाही, इतके मीठ सुचवते. मराठी घरातील लोणचे-पापड-मेतकूट आणि छत्तीसगढी घरातील बासीबरोबरचे मीठ-चटणी यांची गोडी कोणीही नाकारणार नाही. फक्त ताटात वरून मीठ घेण्याची सवय सोडावी आणि लोणचे तोंडी लावण्यापुरतेच असावे.

रक्तदाबावाचूनही हृदय वाढते. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांना सिकलसेल आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यासाठी रायपुरात स्वतंत्र संस्था आहे. या आजारात रक्तक्षय सततचा असल्यामुळे तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यास हृदयाला अधिक रक्त फिरवावे लागते आणि डावी जवनिका हळूहळू विस्तारते. सिकलसेलच्या रुग्णाची हृदयतपासणी वेळोवेळी व्हावी याचे हे एक कारण. दुसरे कारण आनुवंशिक आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की हृदयतंतूंतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची एक त्रुटी भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळते आणि ती हृदयस्नायूच्या आजाराशी निगडित आहे. त्रुटी असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. परंतु घराण्यात तरुणपणी हृदयविकाराने मृत्यू झाले असतील, किंवा धावताना कोणी बेशुद्ध पडले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती निर्माण होऊ नये म्हणून स्पष्ट केले पाहिजे. नियमित व्यायाम करणाऱ्या खेळाडूचे हृदयही काहीसे मोठे होते, गर्भवती स्त्रीचेही होते. ही वाढ निराळी असते. तिच्यात कॅल्शियमची व्यवस्था बिघडत नाही आणि कारण दूर झाले की आकार बहुधा पूर्ववत होतो. खेळाडूला रात्री विश्रांती मिळते; रक्तदाबाने दडपलेल्या हृदयाला ती रात्रीही मिळत नाही. म्हणून मैदान सोडण्याचे कोणतेही कारण नाही.

औषधांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. १९६० च्या दशकात फ्रायबुर्ग येथील आल्ब्रेख्त फ्लेकेन्श्टाइन यांच्या असे लक्षात आले की व्हेरापामिलसारखी काही औषधे हृदयाचे आकुंचन अगदी कॅल्शियम काढून घेतल्यासारखे मंद करतात आणि कॅल्शियम वाढवले की तो परिणाम ओसरतो. अशा औषधांना त्यांनी कॅल्शियमविरोधी असे नाव दिले. घरोघरी परिचित असलेली अॅम्लोडिपिनची गोळी याच कुळातली. मात्र ती मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील कॅल्शियमच्या दारांवर काम करून त्या वाहिन्या सैल करते आणि रक्तदाब उतरवते. व्हेरापामिल हृदयाच्या स्नायूवरही काम करते. म्हणून ज्याच्या हृदयाची आकुंचनशक्ती आधीच घटली आहे त्याला ते घातक ठरू शकते. एकाच कुळातील दोन औषधे, पण एकाचे हितकर ते दुसऱ्याचे अपायकारक. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल या समजुतीवर याहून चांगले उत्तर नाही. त्याचप्रमाणे रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून स्वतःच गोळी बंद करणे म्हणजे छत गळायचे थांबले म्हणून कौले काढून ठेवणे होय.

कारण समजले म्हणजे उपाय हाती आला, असेही मानता येत नाही. कोठारात कॅल्शियम भरणारा पंप मंदावतो हे कळल्यावर त्या पंपाचे जनुक हृदयात पोहोचवण्याचा प्रयत्न झाला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. परंतु २५० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, अपेक्षित लाभ दिसला नाही. विस्कटलेली जवळीक पुन्हा जुळवणारे औषध अद्याप हाती नाही. त्यामुळे ती विस्कटू न देणे हाच आजचा सर्वोत्तम उपचार ठरतो, आणि तो स्वस्तही आहे. वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावा आणि तो अखंड ठेवावा. रक्तदाब नीट आटोक्यात राहिला तर जाड झालेली भिंत काही प्रमाणात पुन्हा उतरते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

विद्यार्थी मित्रहो, या कथेत अभ्यासाच्या दृष्टीनेही घेण्यासारखे बरेच आहे. पाणी खरोखर कोणते आहे हे रिंगर यांनी तपासले म्हणून कॅल्शियम सापडले. प्रवाह दर क्षेत्रफळामागे मोजला म्हणून दारांवरील खोटा आरोप टळला. दोन्ही बाजू निर्दोष असूनही काम बिघडू शकते, हे स्वीकारण्याचे धैर्य दाखवले म्हणून दोष मधल्या अंतरात आहे हे उमगले. विज्ञानाची ही रीत कोणत्याही भाषेत शिकता येते. मातृभाषेत ती अधिक लवकर अंगी भिनते.

आणि साठ वर्षांच्या या संस्थेलाही हृदयाची पेशी एक गोष्ट सांगून जाते. वाढ ही स्वाभाविक आहे, इष्टही आहे. नव्या इमारती उभ्या राहाव्यात, वर्ग वाढावेत, विद्यार्थिसंख्या वाढावी. फक्त घंटा आणि वर्ग, गुरू आणि शिष्य, शाळा आणि घर यांमधील अंतर वाढू नये. ते राखले गेले तर येणाऱ्या काळातही या शाळेचा ठोका एकसंध पडत राहील. तसा तो पडो, हीच या हीरक महोत्सवी वर्षातील शुभेच्छा.